वाळवंटी परसबागेतील लिंबूवर्गीय फळझाडे

अमेरिकेतील ॲरिझोना राज्याच्या फीनिक्स शहरात व आसपास घराच्या आवारात संत्री, ग्रेपफ्रूट, लिंबू, कुमक्वाट (सालीसकट खाण्याचे इवले लिंबूवर्गीय फळ) अशी झाडे लावण्याची जुनी प्रथा आहे. सोनोरन वाळवंटाच्या या भागात वर्षाकाठी जेमतेम २०० मिमी पाऊस पडतो आणि उन्हाळ्यात पारा ४३° सेल्सिअसच्या वर जातो. त्यामुळे ही झाडे जगतात ती सिंचनावरच. १९११ मध्ये सॉल्ट नदीवरील रूझवेल्ट धरण पूर्ण झाल्यावर येथे फळबागांना जोर आला. पुढे शहर वाढले व बागांचे भूखंड पडले. फीनिक्सच्या आर्केडियासारख्या वस्तीत जुन्या बागांतील झाडे अंगणांत राहून गेली. काही जुन्या वस्त्यांत आजही कालव्याचे पाणी पाटाने थेट आवारात घेतले जाते.

झाडे दगावतात ती उन्हापेक्षा चुकीच्या पाण्यामुळे. रोज थोडे थोडे पाणी दिल्यास मुळे वरच्या थरातच राहतात आणि पाण्यातील क्षार तेथे साचून पानांच्या कडा करपतात. म्हणून आळे झाडाच्या घेराबाहेरपर्यंत रुंद करून, ओल ६० ते ९० सेंमी खोल जाईल इतके पाणी एकदम देतात व मध्ये जमीन सुकू देतात. मोठ्या झाडाला भर उन्हाळ्यात साधारण आठवडा-दीड आठवड्याने पाणी पुरते, हिवाळ्यात हे अंतर दुपटी-तिपटीने वाढते. जमिनीखाली चुनखडीचा कठीण थर लागला, तर तो फोडल्याशिवाय लागवड करणे व्यर्थ होय, कारण पाणी त्यावर तुंबून मुळे कुजतात. चुनखडीयुक्त जमिनीत लोह व जस्त असूनही झाडाला मिळत नाही आणि पाने शिरा सोडून पिवळी पडतात; मात्र अतिपाण्यानेही लोहाची अशीच कमतरता दिसते, तेव्हा खताआधी ओल तपासणे शहाणपणाचे. नत्र फेब्रुवारी, मे व सप्टेंबरच्या सुमारास तीन हप्त्यांत देतात.

लिंबूवर्गीय झाडांची साल पातळ असल्याने ती उन्हाने भाजते. यासाठी खालच्या फांद्या जमिनीपर्यंत झुकू देतात, उघड्या खोडाला पाणी मिसळलेला पांढरा रंग लावतात. खुंट, म्हणजे ज्यावर कलम बांधतात ते मुळाकडचे झाड, पुष्कळदा आंबट संत्र्याचा असतो. कलमाच्या सांध्याखालचे फुटवे वेळीच न काढल्यास ते वरच्या कलमाला मागे टाकतात, आणि ‘आमचे संत्रे आंबट झाले’ या तक्रारीचे मूळ अनेकदा येथेच असते.

विदर्भात संत्र्याचा बहार धरण्यासाठी पाणी तोडून झाडाला ताण देतात. फीनिक्समध्ये ते काम हिवाळ्याची थंडी करते आणि वसंतात फुले येतात. फुलोऱ्यानंतर पाण्याची ओढ बसल्यास मात्र फळगळ वाढते, थोडी गळ तर नैसर्गिकच असते. कडाक्याच्या थंडीत लिंबाच्या जाती आधी बळी पडतात, तर कुमक्वाट बराच तग धरतो. दहिवर गोठणाऱ्या रात्री कोवळ्या झाडांवर कापड पांघरतात व सकाळी काढतात.