काळाराम सत्याग्रह ते अलीपूर रोड : पत्नीच्या बाजूने दिसणारे बाबासाहेब

अस्पृश्यांच्या मंदिरप्रवेशासाठी झालेल्या काळाराम मंदिर सत्याग्रहाची हकिकत नाशिकमध्ये सांगितली जाते तेव्हा 2 मार्च 1930 ची मिरवणूक, पंचवटीतले बंद दरवाजे आणि दादासाहेब गायकवाडांचं संघटन हे हमखास येतं. मंदिराच्या चार दरवाजांवर बसलेल्या पहिल्या तुकडीत 125 पुरुषांसोबत 25 स्त्रियाही होत्या, हे ओझरतं येतं. त्या स्त्रियांच्या हातचं लेखन आपल्यापर्यंत फारसं पोहोचलेलंच नाही. खुद्द बाबासाहेबांच्या घराबद्दलही बराच काळ हीच अवस्था होती.

बाबासाहेबांच्या पहिल्या पत्नी रमाबाई यांनी आत्मकथन लिहिलं नाही. त्यांच्याविषयीचा सर्वांत भरवशाचा मजकूर नवऱ्याच्याच लेखणीतला आहे. 3 फेब्रुवारी 1928 च्या ‘बहिष्कृत भारत’मध्ये बाबासाहेबांनी लिहिलं, की आपण परदेशी असताना हिने प्रपंच ओढला, परतल्यावरच्या ओढगस्तीत शेणीचे भारे डोक्यावरून आणले, आणि तरीही तिच्यासाठी दिवसातला अर्धा तासही आपल्याला काढता येत नाही. चळवळीच्या पत्रात संपादकाने घरातली ही थकबाकी जाहीर मांडावी, हे फार मोठं आहे. पण कबुली त्यांची आहे. रमाबाईंना त्या दिवसांत काय वाटलं ते त्यात सापडत नाही. पंढरपूरला जाण्याची त्यांची इच्छा होती. बाहेरूनच दर्शन घ्यावं लागेल अशा ठिकाणी बाबासाहेब त्यांना नेणार नव्हते. 27 मे 1935 ला रमाबाई गेल्या. येवल्याची धर्मांतराची घोषणा झाली 13 ऑक्टोबर 1935 ला, पाच महिन्यांच्या आत.

दुसऱ्या विवाहाचा एक महत्त्वाचा धागा नाशिकशी जोडलेला आहे. मार्च 1948 मध्ये बाबासाहेबांनी नाशिकच्या दादासाहेब गायकवाडांना पत्रातून कळवलं, की यशवंतच्या आईनंतर, म्हणजे रमाबाईंनंतर, लग्न करायचं नाही असं ठरवलं होतं, पण प्रकृतीमुळे तो निश्चय मोडावा लागतो आहे. मधुमेह, पायांच्या नसांचं दुखणं आणि त्यापायी उडालेली झोप, आणि हे सगळं राज्यघटनेच्या मसुद्याच्या ऐन धबडग्यात. 15 एप्रिल 1948 ला दिल्लीत डॉ. शारदा कबीर यांच्याशी नोंदणी पद्धतीने विवाह झाला; पुढे त्या सविता, लोकांच्या माईसाहेब.

माईसाहेबांचं ‘डॉ. आंबेडकरांच्या सहवासात’ 1990 मध्ये आलं. त्या डॉक्टर असल्याने पथ्य, इन्सुलिन, तपासण्या यांबद्दल त्यांचं निरीक्षण नेमकं आहे आणि पुस्तकाचं खरं बळ तिथे आहे. इतर कार्यकर्त्यांना नेता सभेत नाहीतर लिहायच्या टेबलाशी दिसला. रात्री दुखण्याने जागा असलेला माणूस दिसला तो त्यांना.

हे पुस्तक वाचताना दोन ठिकाणी चूक होते. 6 डिसेंबर 1956 ला दिल्लीत अलीपूर रोडवरच्या घरी बाबासाहेब गेले, त्यानंतर माईसाहेबांवर हलगर्जीपणाचे, त्याहून वाईटही आरोप झाले; सरकारी चौकशीत मृत्यू नैसर्गिक ठरला, तरी संशय मिटला नाही. त्यामुळे लेखनाला जबाबाचा सूर आहे. तो काढून टाकून वाचलं तर पुस्तक आत्मप्रौढीचं वाटतं, आणि तो अन्याय आहे. दुसरं म्हणजे, घटना आणि छपाई यांत 34 वर्षं गेली आहेत. म्हणून तारखा आणि संभाषणं समकालीन पत्रांशी ताडून घ्यावीत. गायकवाडांना लिहिलेली पत्रं प्रकाशित आहेत, त्यांपासून सुरुवात करावी.

ताडण्यासाठी आणखी एक कागद फार मोलाचा आहे. ‘द बुद्धा अँड हिज धम्मा’साठी बाबासाहेबांनी 1956 मध्ये प्रस्तावना लिहिली होती. विझत आलेली आपली ज्योत पत्नी आणि आपल्यावर उपचार करणारे डॉ. मालवणकर यांच्या कौशल्यामुळे पुन्हा पेटली, असं त्यात त्यांनी नोंदवलं. 1957 मध्ये ग्रंथ निघाला तेव्हा ही प्रस्तावना त्यात नव्हती. ती वाचकांपुढे येईपर्यंत बरीच वर्षं गेली, आणि तोवर माईसाहेबांविषयीचं मत अनेक घरांत पक्कं होऊन बसलं होतं.