लाईन गेल्यावर दार उघडे की बंद?

विदर्भातल्या एखाद्या जिनिंग फॅक्टरीत कार्ड किंवा बोट ओळखून उघडणारे दार बसवायचे ठरले, तर जमलेल्यांपैकी कोणीतरी पहिला प्रश्न हाच विचारतो की, लाईन गेली तर काय होईल? हा प्रश्न अडाणीपणाचा मुळीच नाही. या तंत्रातील सर्वांत महत्त्वाच्या दोन संज्ञा नेमक्या त्याच्याच उत्तरातून जन्मल्या आहेत.

वीज जाताच जे कुलूप आपोआप मोकळे होते त्याला ‘फेल-सेफ’ म्हणतात आणि जे बंदच राहते त्याला ‘फेल-सिक्युअर’ म्हणतात. दाराच्या चौकटीवर बसणारे विद्युतचुंबकीय कुलूप स्वभावतःच पहिल्या प्रकारचे असते, कारण प्रवाह वाहत असेपर्यंतच त्यात चुंबकत्व टिकते. अशा कुलपांचा एक प्रचलित प्रकार सुमारे 270 किलो ओढ सहन करतो आणि मोठा प्रकार सुमारे 540 किलो, म्हणजे कापसाच्या 170 किलोच्या तीन गाठींच्या वजनापेक्षाही जास्त. पण तार तुटली की ही सारी ताकद क्षणात शून्यावर येते. लहान कुलूप 12 व्होल्टवर साधारण अर्धा अँपिअर प्रवाह घेते, त्यामुळे 7 अँपिअर-तासांची नवी बॅटरी हिशेबाने त्या एका कुलपाला चौदा तास पुरेल, प्रत्यक्षात मात्र त्याहून कमी, कारण उरलेली यंत्रणाही तिच्यावरच चालते आणि आमच्याकडच्या उन्हाळ्यात बॅटऱ्या लवकर थकतात.

रोकड ठेवलेल्या खोलीला फेल-सिक्युअर कुलूप शोभते, मात्र आतील मूठ फिरवली की ते विजेशिवायही उघडले पाहिजे. जिथे माणसे काम करतात आणि शेजारी रुईचा ढीग असतो, तिथे बाहेर पडण्याची वाट किल्ली, कार्ड किंवा वीज यांपैकी कशावरही अवलंबून असता कामा नये, असे माझे ठाम मत आहे. कापसातून आलेला खडा किंवा लोखंडाचा तुकडा यंत्रात घासून ठिणगी पडते आणि रुई बघता बघता पेटते. त्या वेळी आतल्या माणसाने कार्ड शोधत बसावे, अशी अपेक्षा कोणी करू नये.

दार उघडले नाही की आपण भिंतीवरच्या यंत्राला दोष देतो. ते यंत्र, म्हणजे रीडर, बहुतेक मोठ्या व्यवस्थांत फक्त वाचते. निर्णय आत सुरक्षित जागी बसवलेला कंट्रोलर घेतो. निर्णयही दोन पायऱ्यांचा असतो: हे कार्ड आपल्या नोंदीतले आहे का, आणि असल्यास या दाराला या वेळी त्याला परवानगी आहे का? ओळख पटणे आणि परवानगी असणे या वेगळ्या गोष्टी आहेत, म्हणूनच दिवसपाळीच्या हमालाचे कार्ड खरे असूनही रात्री दार उघडत नाही. जुन्या कार्डांत बहुधा 26 बिटांचा आकडा असतो. त्यातील 8 बिट जागेचा संकेतांक सांगतात, 16 बिट कार्डाचा क्रमांक सांगतात आणि उरलेले 2 वाचनातील चूक पकडण्यासाठी असतात. या रचनेला वीगंड हे नाव आहे. तिच्यात आकडा लपवण्याची कोणतीही सोय नाही, त्यामुळे केवळ कार्ड आहे म्हणून दार सुरक्षित आहे, असे मानणे धोक्याचे ठरते.

बोटाच्या ठशाचे गणित याहून नाजूक आहे. यंत्र सहसा ठशाचे चित्र जुळवत नाही. रेषा जिथे संपतात किंवा जिथे फुटून दोन होतात, त्या बिंदूंची मांडणी ते साठवते आणि नवा ठसा तिच्याशी किती जुळतो, ते मोजते. तंतोतंत जुळणी कधीच होत नाही, म्हणून ‘इतकी जुळली तर पुरे’ अशी एक मर्यादा ठरवावी लागते. ती सैल ठेवली तर परका माणूस आत येण्याची शक्यता वाढते, त्या प्रमाणाला चुकीच्या स्वीकाराचा दर म्हणतात; ती कडक केली तर आपलाच माणूस बाहेर राहण्याची शक्यता वाढते, तो चुकीच्या नकाराचा दर. त्याच यंत्रात एक कमी केला की दुसरा वाढतो, आणि विक्रेता पहिलाच दर अभिमानाने सांगत असेल तर दुसरा आवर्जून विचारावा.

आमच्याकडे हा दुसरा दरच खरा भार टाकतो. वेचणीत बोंडांची वाळकी टोके बोटांना सतत ओरबाडतात, निंदणी-खुरपणीने रेषा झिजतात, थंडीत कातडी कोरडी पडून भेगाळते. रेशनच्या दुकानात ‘अंगठा लागत नाही’ म्हणून खोळंबलेली बाई आणि जिनिंगच्या दारावर अडलेली मजूर बाई यांची अडचण एकच आहे. यंत्र बिघडलेले नसते, आणि त्या बाईचीही चूक नसते. तिच्या कामाने तिचा ठसा पुसलेला असतो. म्हणून नोंदणीच्या वेळी दोन्ही हातांची मिळून किमान चार बोटे घ्यावीत, हात धुऊन पुसल्यावर घ्यावीत, आणि ज्यांचे एकही बोट नीट वाचले जात नाही त्यांना त्याच दिवशी कार्ड द्यावे, म्हणजे पाळी सुरू होताना त्यांना दारात ताटकळावे लागणार नाही.