वेळ सांगणाऱ्या सर्व्हरचा पत्ता बदलला तर?

उद्यमबागेतल्या वर्कशॉपचा सीसीटीव्ही असो नाहीतर खानापुरातल्या दुकानाचा बिलिंगचा कॉम्प्युटर, त्यातलं घड्याळ बरोबर ठेवतो तो एनटीपी, म्हणजे इंटरनेटवरनं वेळ जुळवायची ठरलेली पद्धत (प्रोटोकॉल), डेव्हिड मिल्स यांनी घडवलेली, १९८५ पासून वापरात. सर्व्हरला, म्हणजे नेटवर वेळ सांगणाऱ्या कॉम्प्युटरला, वेळ विचारायची, निरोप जायला-यायला किती लागला ते मोजायचं आणि आपलं घड्याळ हळूहळू सरकवायचं.

पण सर्व्हर गाठायला आयपी पत्ता, म्हणजे नेटवरचा त्याचा आकड्यातला पत्ता लागतो, आणि नाव सांगितलं की तो देतं डीएनएस, इंटरनेटची पत्त्यांची वही. बरेच जुने प्रोग्रॅम चालू होताना एकदाच पत्ता विचारतात आणि महिनोन्‌महिने तोच धरून बसतात, म्हणजे भाडेकरू टिळकवाडीतनं शहापूरला गेला तरी पत्रं जुन्याच घरात टाकत राहायचं की! उत्तर येत नाही, घड्याळ रोज थोडं थोडं चुकत जातं आणि कुणाला कळतही नाही.

२००३ मध्ये तर नेटगिअर कंपनीच्या राउटरात (घरात इंटरनेट वाटणाऱ्या डबीत) अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या वेळेच्या सर्व्हरचा आयपी पत्ता थेट लिहून ठेवलेला निघाला, उत्तर नाही आलं की दर सेकंदाला परत विचारायचं, त्यामुळं सेकंदाला लाखो पॅकेट, म्हणजे असे निरोप, तिथं येऊन आदळली.

मग सारखं डीएनएसला विचारत बसायचं काय? तेही चूकच. एनटीपी पूल, म्हणजे वेळ सांगणाऱ्या सर्व्हरांचा सामाईक गट, त्यात नाव एक आणि मागं हजारो सर्व्हर, दर वेळी वेगळे पत्ते मिळतात, म्हणजे उत्तर बदललं म्हणून जुना सर्व्हर मेला असं नव्हे. नीट उत्तर देणारा सर्व्हर सोडला तर त्याच्या वेळेचा आतापर्यंत मोजून ठेवलेला सगळा हिशेब वाया जातो, नव्याचा पहिल्यापासनं मांडावा लागतो. मला क्रोनी या एनटीपीच्या प्रोग्रॅमची रीत पटते: जो उत्तर देत नाही किंवा बाकीच्यांपेक्षा भलतीच वेळ सांगतो तो काढायचा, त्याच्या जागी नवा पत्ता विचारायचा. २००६ च्या आरएफसी ४३३० मध्ये (इंटरनेटच्या नियमांच्या कागदात) सल्ला होता, अधूनमधून पत्ता पुन्हा विचारा, पण डीएनएसनं पत्त्यासोबत दिलेल्या मुदतीच्या आत नको.

पावसाळ्यात लाईट जाऊन आली की आणखी एक लफडं, कॉम्प्युटर आधी उठतो, इंटरनेट नंतर येतं, म्हणून पहिल्यांदा पत्ता नाही मिळाला तर प्रोग्रॅमनं हात टेकू नयेत, थोडं थांबून परत विचारावं. आणि बॅटरीचं घड्याळ नसलेलं मशीन असेल तर ते मागच्याच तारखेत उठतं, डीएनएसच्या उत्तरावरच्या डिजिटल सह्या (उत्तर खरं आहे याची खूण) तपासल्या जात असतील तर त्या चुकीच्या तारखेमुळं बाद ठरतात, पत्ता मिळत नाही, आणि पत्ता नाही म्हणून वेळही मिळत नाही. त्यावर सोपा उपाय म्हणजे चालू असताना अधूनमधून वेळ डिस्कवर लिहून ठेवायची आणि उठल्यावर तिथनं सुरू करायचं, सह्यांची मुदत सहसा काही दिवस-आठवड्यांची असते, त्यामुळं तेवढी ढोबळ वेळ बहुतेकदा पुरते.