पाठीवरचे निळे ठिपके

पुढच्या बाकावर टवाळ पोरगा, मागच्या बाकावर वर्गातली स्कॉलर मुलगी, ती अभ्यास कर म्हणून बॉलपेन त्याच्या पाठीत टोचते आणि युनिफॉर्मच्या पांढऱ्या शर्टावर निळे ठिपके पडत जातात. तैवानचा 'यू आर द ॲपल ऑफ माय आय' (२०११) ज्यांनी बघितलाय त्यांना बाकी काही आठवो न आठवो, हे ठिपके आठवतातच. मूळ मँडरिन नावाचा अर्थ साधारण 'त्या वर्षांत आपण सगळे जिच्या मागे होतो ती मुलगी' असा होतो, इंग्लिश नावापेक्षा मला तोच जास्त आवडतो, कारण त्यात 'आपण सगळे' आहे. लोक याला गोड टाइमपास म्हणून सोडून देतात, पण हा गोडवा आला कुठून ते बघायला बरंच मागे जावं लागतं.

७० च्या दशकात तैवानमध्ये लव्हस्टोरी म्हणजे छ्युंग याओ. या लेखिकेच्या कादंबऱ्यांवर धडाधड पिक्चर निघायचे आणि त्यांना चेष्टेने 'तीन खोल्यांचे पिक्चर' म्हणायचे, कारण सगळी रडारड दिवाणखाना, जेवायची खोली आणि कॉफी शॉप एवढ्यातच उरकायची. गंमत म्हणजे तिची पहिली गाजलेली कादंबरी (१९६३) स्वतःच्या शाळेतल्या दिवसांवरच बेतलेली, त्यात विद्यार्थिनी शिक्षकाच्या प्रेमात पडते. बाहेर तेव्हा मार्शल लॉ, तो १९४९ पासून थेट १९८७ पर्यंत चालला, मग पडद्यावर सोफा आणि अश्रू हेच सगळ्यात सेफ.

१९८२ ला चार नव्या दिग्दर्शकांच्या चार गोष्टींचा एक सिनेमा आला आणि तिथून 'न्यू सिनेमा' सुरू झाला. एडवर्ड यांग त्या चौघांतलाच, आणि होउ शाओ-श्येन त्याच लाटेतला. यांनी पोरंपोरी खोलीतून काढून रस्त्यावर, रेल्वेत, खऱ्या वर्गात आणली. होउच्या पिक्चरने १९८९ ला व्हेनिस फेस्टिव्हलचा सगळ्यात मोठा पुरस्कार, गोल्डन लायन, आणला, यांगने १९९१ मध्ये शाळकरी प्रेम आणि खून यांवर जवळजवळ ४ तासांचा पिक्चर केला. जगाने टाळ्या वाजवल्या, पण तैवानचं पब्लिक मात्र हाँगकाँग आणि हॉलिवूडच्या लाइनीत उभं राहिलं आणि ९० च्या शेवटाला लोकल इंडस्ट्री जवळपास झोपलीच.

आता पैसाच नाही म्हटल्यावर करणार काय? शाळा, युनिफॉर्म, सायकल, नवे चेहरे, याला खर्च कमी. हे माझं मत हं, पण २००२ चा 'ब्लू गेट क्रॉसिंग' बघा, मैत्रिणीची चिठ्ठी पोचवणारी मुलगी, स्विमिंग करणारा मुलगा, दोन सायकली, बस एवढंच, आणि काय सुंदर जमलाय! मग २००८ ला 'केप नं. ७' ने ५० कोटी तैवान डॉलरच्या वर धंदा केला आणि सगळ्यांना कळलं की लोकल पिक्चरला लोक येतात.

निळ्या ठिपक्यांच्या या पिक्चरचा दिग्दर्शक गिडन्स को अशा टायमाला आला. हा मुळात नेटवर गोष्टी टाकून फेमस झालेला लेखक, टोपणनावाचा अर्थ 'नऊ सुऱ्या', पूर्ण लांबीचा पिक्चर कधी केलेला नाही. स्वतःच्याच प्रेमाची कादंबरी घेतली, हिरोला स्वतःचंच नाव दिलं आणि शूटिंग केलं चांगह्वा गावातल्या त्याच शाळेत जिथे तो शिकला. हिरो को चेन-तुंग एकदम नवा, त्याला त्या वर्षीचं बेस्ट न्यू परफॉर्मरचं गोल्डन हॉर्स, म्हणजे तैवानचं मोठं फिल्म अवॉर्ड, मिळालं. हाँगकाँगमध्ये तर या पिक्चरने 'कुंग फू हसल'चा चिनी पिक्चरांमधला कमाईचा रेकॉर्डच मोडला. पुढे चीनमध्ये झाओ वेईचा 'सो यंग' (२०१३), तैवानमध्ये 'अवर टाइम्स' (२०१५), अशी शाळा-कॉलेजच्या आठवणींची रांगच लागली, त्यातले बरेच नुसते फिल्टर मारलेले वाटतात.

'ॲपल'मध्ये तसं होत नाही कारण काळ पक्का आहे. गोष्ट १९९४ ला सुरू होते, मार्शल लॉ उठून ७ वर्षं झालीत, पण शाळेत लष्करी शिस्तीचा इन्स्ट्रक्टर आहेच. वर्गाचे पैसे चोरीला गेल्यावर तो पोरांनाच सांगतो, कोणावर संशय आहे ते लिहून द्या. त्या सीनला पिक्चर हसता हसता एकदम गार पडतो, जुनी सवय अजून गेलेली नाही हे भाषण न देता कळतं. मग कॉलेजची एंट्रन्स, वेगवेगळी शहरं, रात्री पब्लिक फोनवरून कॉल, आणि एका फालतू फायटिंग मॅचवरून पावसात भांडण.

आणि २१ सप्टेंबर १९९९. रात्री पावणेदोनच्या सुमाराला तैवानला खरंच मोठा भूकंप झाला, २४०० च्या आसपास माणसं गेली. पिक्चरमध्ये हिरो धडपडत बाहेर येतो आणि जिच्याशी कित्येक दिवस बोलणं बंद आहे तिलाच फोन लावतो. कोण चुकलं हा विषयच निघत नाही. तू ठीक आहेस ना, एवढ्यावरून सुरू होऊन दोघं त्या दुसऱ्या कुठल्यातरी जगाबद्दल बोलत बसतात जिथे ते एकत्र असतील.