स्टँडमागच्या रोडवर रात्रीची गर्दी परत कशी आली

चंद्रपूर जिल्ह्यातल्या तालुक्याच्या गावांत हल्ली स्टँडमागच्या रोडवर रात्री दहालाही गाड्या लावायला जागा नसते. कोणी बारवाला भाऊ जुना परमिट रूम पाडून खाली फॅमिली रेस्टॉरंट अन् वर बार काढतो, सावजी मटणाची तर्री ठेवतो, मग लोक म्हणतात की यानं एरिया जिवंत केला. केला असन, पण हा रोड मेला कायनं होता ते आधी पाहा.

आपल्याकडं दारूचा कायदा जिल्ह्यागणिक वेगळा. वर्धा गांधीजींचा जिल्हा म्हणून 1970च्या दशकापासून बंद, गडचिरोली 1993 पासून बंद, अन् मधात चंद्रपूर मोकळं, तर तिकडचे पिणारे इकडं येणारच ना. घरोघरी त्रास बायकांनाच, म्हणून त्या उठल्या, श्रमिक एल्गार संघटनेच्या पारोमिता गोस्वामी पुढं होत्या, डिसेंबर 2010 मध्ये चिमूरहून हजारो बायका पायी नागपूरच्या अधिवेशनावर गेल्या. सुधीर मुनगंटीवार पालकमंत्री झाल्यावर त्यांनी विषय लावून धरला अन् 1 एप्रिल 2015 पासून जिल्हा कोरडा झाला. कागदावर.

बार बंद म्हणजे फक्त बार बंद नाही राहत. बोर्डावरच्या 'परमिट रूम'वर चुना मारून कोणी लॉज काढला, कोणी शुद्ध शाकाहारी भोजनालय, ते चाललं नाही. आचारी नागपूरला गेले. बाहेर उकडलेली अंडी अन् फुटाणे विकणारा, भुर्जीची गाडी, खर्रा घोटणारा पानठेला, रात्रीचे ऑटोवाले, यांचं गिऱ्हाईक एका रात्रीत गेलं, अन् याचा हिशोब कोणी मांडलाच नाही. दारू मात्र कुठं गेली? वर्धा नदी ओलांडली की वणी, यवतमाळ जिल्हा, तिथले बार फुल्ल. बाकीची गाडीच्या डिक्कीतून दुप्पट भावात गावातच, त्यात नकली किती ते पिणाऱ्यालाच माहीत.

मग या बंदीचा आढावा घ्यायला रमानाथ झा समिती बसली, अन् तिचा अहवाल आल्यावर 27 मे 2021 ला मंत्रिमंडळानं बंदी उठवली. विजय वडेट्टीवार तेव्हा पालकमंत्री, बंदी उठवा म्हणणारे. तोवर सहा वर्षं गेली होती, वरून कोरोना. लायसनची फी, पडलेली इमारत, नवीन पोरं शोधा, सगळ्याच जुन्या मालकांना ते झेपलं नाही, ज्यांच्याजवळ पैसा होता तेच उभे राहिले अन् आज नाव त्यांचंच आहे.

फॅमिली हॉल समोर अन् बार वर, ही नुसती सजावट नाही भाऊ. बंदी मागणाऱ्या बायका याच गावच्या, त्यांचं म्हणणं खोटं नव्हतंच, अन् शहाण्या मालकाला ते समजते. जिल्ह्याची बंदी गेली तरी वार्डातल्या बायकांनी सह्या करून मागणी केली की गुप्त मतदान लागते, अन् आडवी बाटली, म्हणजे बंदीच्या बाजूचं चिन्ह, जिंकली की दुकानाला कुलूप.