सहा मिनिटं चालतात, एक मिलिसेकंद चालत नाही

२०१८ च्या मार्चच्या सुरुवातीला युरोपातल्या अनेक घरांत ओव्हनवरची आणि रेडिओतली घड्याळं जवळपास सहा मिनिटं मागे पडली. ही घड्याळं विजेची आवर्तनं मोजून चालतात. सेकंदाला ५० आवर्तनं झाली की एक सेकंद पुढे. सर्बिया आणि कोसोवो यांच्यातल्या वादात लागेल तेवढी वीज जाळ्यात सोडली गेली नाही आणि जानेवारीच्या मध्यापासून सरासरी वारंवारता ४९.९९६ हर्ट्झवर घसरली. फरक एवढासाच, पण सात आठवडे रोज साठत गेला आणि त्याची सहा मिनिटं झाली.

वीजजाळ्याला मात्र त्याने फारसं काही झालं नाही, कारण मागे पडलं ते सगळं जाळं एकत्र मागे पडलं. उलट, घड्याळं घरांत नसून दोन सबस्टेशनांत असती आणि त्यांच्यात फक्त एक मिलिसेकंदाचा फरक असता, तर तिथली मोजमापं शेजारी शेजारी ठेवण्याच्या लायकीची राहिली नसती. मला या विषयातली हीच गोष्ट सगळ्यात महत्त्वाची वाटते. वीजजाळ्याला बरोबर वेळेपेक्षाही सगळीकडे एकच वेळ हवी असते.

का, ते पाहू. ५० हर्ट्झच्या विजेचं एक आवर्तन २० मिलिसेकंदांत पुरं होतं. त्याला ३६० अंशांचं वर्तुळ मानलं तर एक मिलिसेकंद म्हणजे १८ अंश. आता एकमेकांपासून ४०० किलोमीटरवरची दोन सबस्टेशनं घ्या. दोन्हीकडचे मीटर ५० हर्ट्झ दाखवतात, व्होल्टेजही ठीक आहे. पण एकीकडच्या लाटेचा माथा दुसरीकडच्यापेक्षा किंचित आधी येतो. ज्या टोकाची लाट पुढे, तिकडून वीज मागच्या टोकाकडे वाहते. दोन लाटांमधलं हे अंतर अंशांत मोजलं की त्याला कोन म्हणतात. जास्त वीज वाहायला लागली की हा कोन वाढतो, आणि तो ९० अंशांकडे सरकू लागला की दोन भाग एकमेकांपासून निसटायची भीती असते. जाळ्यावर किती ताण आहे हे या कोनाइतकं थेट दुसरं काही सांगत नाही. आणि तो एका जागी उभं राहून मोजताच येत नाही!

पूर्वी हा कोन ठिकठिकाणच्या वीजप्रवाहाच्या नोंदी गोळा करून संगणकावर काढत. उत्तर यायचं, पण ते अंदाजाचं आणि काही मिनिटांपूर्वीचं असायचं. अरुण फडके आणि जेम्स थॉर्प यांच्या व्हर्जिनिया टेकमधल्या गटाने १९८८ मध्ये कोन थेट मोजणारं यंत्र बनवलं. प्रत्येक मोजमापावर जीपीएसच्या उपग्रहांकडून येणाऱ्या वेळेचा शिक्का मारायचा, मग जगातल्या कुठल्याही दोन ठिकाणांची मोजमापं जुळवता येतात. तेव्हा जीपीएसचे सगळे उपग्रह अवकाशात पोचलेही नव्हते. आज ही यंत्रं, म्हणजे पीएमयू, सेकंदाला कित्येक वेळा कोन कळवतात. त्यांच्या मोजमापात एकूण एक टक्का चूक चालते. ती सगळी घड्याळाच्याच वाट्याला दिली तरी ३२ मायक्रोसेकंदांच्या आत भागवावं लागतं. बाकीच्या चुकांनाही जागा हवी, म्हणून घड्याळाकडून साधारण एका मायक्रोसेकंदाची अपेक्षा ठेवतात.

तारेवर बिघाड झाला की तो नेमका कुठे झाला हे शोधण्यात मायक्रोसेकंदाची खरी किंमत कळते. बिघाडाच्या जागेपासून दोन्ही दिशांना लाट सुटते, जवळजवळ प्रकाशाच्या वेगाने, मायक्रोसेकंदाला सुमारे ३०० मीटर. २०० किलोमीटरच्या वाहिनीवर ती एका टोकाला दुसऱ्यापेक्षा १०० मायक्रोसेकंद आधी पोचली, तर बिघाड त्या टोकापासून ८५ किलोमीटरवर आहे. घड्याळांत एका मायक्रोसेकंदाचा फरक असला तर उत्तर १५० मीटरने चुकतं, म्हणजे दोन टॉवरमधल्या अंतरापेक्षाही कमी. फरक मिलिसेकंदाचा असला तर चूक १५० किलोमीटरची! डोंगरात, जंगलात, रात्रीच्या पावसात तार शोधत फिरणाऱ्या लाइनमनचे किती तास यात वाचतात, ते त्यांनाच विचारावं.

सगळीकडे एवढी बारकाई लागत नाही. घटनांचा क्रम लावायला मिलिसेकंद पुरतात, पण तेही नसले तर काय होतं ते १४ ऑगस्ट २००३ ला दिसलं. अमेरिका आणि कॅनडातल्या सुमारे ५ कोटी लोकांची वीज गेली. कोसळण्याचा शेवटचा टप्पा काही मिनिटांत उरकला. तपास करणाऱ्यांपुढे नोंदींचा ढीग होता, पण अनेक नोंदयंत्रांची घड्याळं एकमेकांशी जुळलेली नव्हती. आधी कुठला ब्रेकर, म्हणजे वाहिनी तोडणारा मोठा स्विच, उघडला आणि नंतर कुठला, हे ठरवायला त्यांना प्रत्येक नोंद दुसरीशी ताडून पाहावी लागली. पुढे तिथे नोंदयंत्रांची वेळ प्रमाणवेळेच्या २ मिलिसेकंदांच्या आत ठेवण्याचा नियम आला.

ही वेळ येते सबस्टेशनच्या छतावरच्या जीपीएसच्या छोट्याशा अँटेनातून. खालच्या घड्याळापर्यंत येणाऱ्या केबललाही मीटरमागे सुमारे ५ नॅनोसेकंद लागतात. केबल ४० मीटर असेल तर २०० नॅनोसेकंद, आणि तो आकडा घड्याळात भरावा लागतो. तिथून वेळ नेटवर्कवरून रिलेंपर्यंत, म्हणजे बिघाड ओळखून ब्रेकर उघडायला सांगणाऱ्या यंत्रांपर्यंत, जाते आणि वाटेतला प्रत्येक नेटवर्क स्विच आपण किती उशीर केला ते मोजून पुढे कळवतो.

सिग्नल गेला तर घड्याळातला स्फटिक किंवा रुबिडियमच्या अणूंवर चालणारा भाग काही काळ वेळ धरून ठेवतो. त्याहून अवघड प्रसंग म्हणजे सिग्नल आहे, पण चुकीचा आहे. २६ जानेवारी २०१६ ला एक जुना जीपीएस उपग्रह निवृत्त करताना चुकीची माहिती भरली गेली आणि प्रमाणवेळ १३ मायक्रोसेकंदांनी चुकीची प्रसारित झाली. कोनाच्या हिशेबात हा पाव अंशही नाही. पण वाहिनीच्या एकाच टोकाच्या घड्याळाने ती वेळ घेतली, तर बिघाडाची जागा जवळपास दोन किलोमीटरने सरकते.

म्हणून पीएमयू आपल्या प्रत्येक संदेशात वेळ किती भरवशाची आहे तेही लिहून पाठवतो. दोन्ही टोकांचा प्रवाह ताडून पाहणारी संरक्षण यंत्रणा तर आणखी सावध असते. एका टोकाची वेळ सरकली तर धडधाकट वाहिनीवरही तिला खोटा फरक दिसेल आणि ती विनाकारण ब्रेकर उघडेल. म्हणून जिची भिस्त बाहेरच्या घड्याळावर आहे, ती यंत्रणा वेळ जुळत नाही असं कळताच स्वतःला थांबवते. मग वाहिनी सांभाळतो दुसरा रिले, जो फक्त आपल्याच टोकाचं व्होल्टेज आणि प्रवाह पाहतो.