साक्षीदाराची खात्री आणि अपिलातली कागदपत्रं

समजा, रात्री दहाला सीताबर्डीत दुकानांची शटरं पडत असताना चाकूहल्ला होतो. समोरच्या पानठेल्यावर उभा असलेला अनोळखी माणूस तो पाहतो. दोन वर्षांनी सत्र न्यायालयात तो आरोपीकडे बोट दाखवतो, "हाच तो, शंभर टक्के." तरीही आरोपी निर्दोष सुटतो. सरकार उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात अपील करतं. डोळ्यांनी पाहणारा असताना सुटला कसा, असं लोक चिडून विचारतात.

याचं उत्तर आठवण कशी बदलते यात आहे. मानसशास्त्रज्ञ एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर यांनी 1974 मध्ये विद्यार्थ्यांना गाड्यांच्या अपघाताची फिल्म दाखवली. काहींना विचारलं, गाड्या 'आपटल्या' तेव्हा वेग किती होता? इतरांना विचारताना 'आदळून चुराडा झाला' अशा अर्थाचा शब्द वापरला. आठवड्याने विचारलं, फुटलेली काच दिसली होती का? पहिल्या गटातल्या 50 पैकी 7 जण 'हो' म्हणाले, दुसऱ्या गटातले 16. फिल्ममध्ये काच फुटलेलीच नव्हती!

यातलं कुणीही खोटं बोलत नव्हतं. मला हीच गोष्ट सर्वात महत्त्वाची वाटते. आपल्या साक्षीदारालाही पेपरातला फोटो दिसतो, ठाण्यात आरोपीचं तोंड दिसतं, 'बरोबर ओळखलंत' असं कुणी म्हणतं. आठवण त्याने अधिक अचूक होत नाही, खात्री मात्र वाढत जाते. ओळख परेड (संशयिताला इतर माणसांत उभं करून साक्षीदाराला ओळखायला सांगणं) नीट घेतली असेल, तर पहिल्याच ओळखीच्या वेळची खात्री बरीच भरवशाची असते. कोर्टातली नव्हे.

उजेड आणि अंतर हेही आलंच. वाखेनार आणि व्हान डर श्रीर या डच संशोधकांनी 1996 मध्ये सुचवलेला ढोबळ निकष असा: अंतर 15 मीटरच्या आत आणि प्रकाश किमान 15 लक्स (लक्स हे उजेड मोजायचं एकक). पंचनाम्यात नुसतं 'दिव्याचा उजेड होता' असं लिहून हे कळत नाही.

अपिलात पुरावा नव्याने तपासता येतो. मात्र दोन निष्कर्ष वाजवीपणे निघत असतील, तर सुटकेचा निकाल बदलू नये, असं सर्वोच्च न्यायालयाने चंद्रप्पा प्रकरणात (2007) सांगितलं. साक्षीदाराचा आविर्भाव खालच्या न्यायाधीशांनी प्रत्यक्ष पाहिलेला असतो, हे त्यामागचं एक जुनं कारण. विज्ञानाच्या नजरेने ते लंगडं आहे. खरा ऐवज कागदांत असतो: पहिल्या जबाबात वर्णन होतं का, परेड किती दिवसांनी झाली, आधी चेहरा दाखवला होता का. वर्णन नाही, परेडला महिने लागले आणि कारणही दिलं नाही, तर सत्र न्यायाधीशांची शंका वाजवीच. उलट साक्षीदार त्याच मोहल्ल्यातला, आरोपीला वर्षानुवर्षं ओळखणारा आणि त्याच रात्री नाव सांगणारा असेल, तर परेडची गरजच उरत नाही. ते दुर्लक्षून दिलेली सुटका खंडपीठाने जरूर उलटवावी.